ते भारे सुमनने वाहिले

फाल्गुन अर्धा सरला की आमच्या खिडकीच्या गजांवर राख येऊन बसते. महाडला राहायला आल्यापासून दरवर्षी पाहतो आहे. नदीपलीकडे कुठल्यातरी शेतात राब पेटलेला असतो, वारा फिरतो, आणि सकाळी गजावरून बोट फिरवलं की बोटाला करडा पट्टा उठतो. या राखेला वजन म्हणून नसतं, वास मात्र असतो. शेणाचा, ऐनाच्या पानांचा, तापलेल्या मातीचा. सुमन असताना ती ओल्या फडक्याने गज पुसायची आणि ते फडकं धुवायच्या आधी एकदा नाकाशी न्यायची. मी हसायचो. आता गज मीच पुसतो, आणि फडकं नाकाशी नेल्याशिवाय बादलीत टाकत नाही.

परवा असंच पुसत होतो तेव्हा आमच्या ख्रिस्ती मंडळीचे नवे पाळक आले. तरुण आहेत, मला काका म्हणतात. चहा घेतला आणि म्हणाले, "काका, ईस्टरच्या आधी झावळ्यांच्या रविवारी तुमची ती राबाची साक्ष द्याल ना? मी नुसती तिच्याबद्दल ऐकलंय, तुमच्या तोंडून अजून ऐकली नाही."

आमच्यात देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते माणूस उपासनेत उभा राहून सांगतो, त्याला साक्ष म्हणतात. माझी ही एक साक्ष महाडच्या आमच्या चार घरांत इतकी मुरलेली आहे की लहान मुलांनाही ती ठाऊक आहे. मी "देईन" म्हणालो. ते गेले, त्यांचा कप विसळला, आणि मग कागद घेऊन बसलो. कारण ती साक्ष खोटी आहे. पंधराएक वर्षं मी ती देत आलो. यंदा खरी द्यायची, तर आधी एकदा लिहून काढावी असं वाटलं. उभा राहून बोलायला लागलो की माझी जीभ जुन्या वाटेने जाते.

नव्वदच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. मी कृषी खात्यात होतो, पोलादपूर तालुक्यातली काही गावं माझ्याकडे होती आणि राहायला आम्ही कापडे या गावी होतो. आम्ही दोघं मूळचे नगरकडचे, ज्वारीच्या मुलखातले. भात आम्ही ताटातच पाहिलेला. राब हा प्रकार तर ऐकलेलाही नव्हता.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. भाताची लावणी करायची तर आधी रोप हवं, आणि रोप जिथे वाढवायचं तो जमिनीचा तुकडा पावसाआधी भाजून घ्यायचा. थंडीत झाडांच्या फांद्या छाटून त्या डोंगरावरच वाळत ठेवायच्या. त्याला तिथे कवळ म्हणतात. मग ती कवळ भारे बांधून डोक्यावरून खाली आणायची. खाली कवळ, वर शेण, वर पालापाचोळा आणि गवत, आणि सगळ्यांवर बारीक मातीचा थर. वाऱ्याच्या उलट्या अंगाने विस्तव लावायचा, म्हणजे आग भडकत नाही, आतल्या आत मुंगीच्या पावलाने सरकते. जमिनीतलं तणाचं बी भाजून मरतं आणि माती मऊ होते. मग पावसाच्या तोंडावर तिथे भात पेरायचं. राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर त्या वर्षी घरात तांदूळ नाही.

कापड्याचे ते दिवस मला वासांनी आठवतात. काजूच्या बोंडांचा आंबूस वास, आंब्याच्या मोहोराचा उग्र गोडवा, आणि त्या सगळ्यांवर पसरलेला धूर. दुपारी डोंगर पाहावा तर झाडं छाटून नुसती खांबांसारखी उभी. सुमन अंगणात माझे पांढरे शर्ट वाळत घालायची आणि संध्याकाळी त्यांच्यावर राखेचे तीळ उठलेले असायचे. लांब कुठेतरी शिमग्याचे ढोल. बायका डोक्यावर कवळीचे भारे घेऊन एकामागून एक पायवाटेने उतरायच्या, आणि भाऱ्याखाली चेहरा दिसायचाच नाही. झाडंच खाली चालत येतायत असं वाटायचं.

आमचा उपवासकाळही याच महिन्यांत येतो. राखेच्या बुधवारी सुरू होतो आणि ईस्टरला संपतो. त्या काळात प्रत्येकाने काहीतरी सोडायचं, आणि आपण ख्रिस्तासारखे कितपत झालो ते स्वतःला विचारायचं. आमच्या विश्वासात ही एक फार मोठी आशा आहे. माणूस जन्मभर हळूहळू बदलत जातो, आणि एक दिवस प्रभूला समोर पाहील तेव्हा त्याच्याचसारखा झालेला असेल. लहानपणी मला ही आशा अगदी सोपी वाटायची. घरात भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं, त्यावर त्याचं चित्र होतं. आत उतरलेले गाल, डोळे शांत, दाढी मऊ. सतराव्या वर्षी मी दाढी वाढवली आणि आरशात पाहून चित्राशी ताडून बघू लागलो. आईने दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "दाढी राहू दे. आधी विहिरीवरनं दोन हंडे आण. तो सुताराच्या घरातला होता, बसून नसेल राहिला."

दाढी मी काढली, पण आरसा काही सुटला नाही. कापड्याच्या त्या वर्षी उपवासकाळात मी चहा सोडला, आणि सोडला हे सगळ्या गावाला कळेल अशी व्यवस्था केली. कुणी कप पुढे केला की मी हात जोडून कारण सांगायचो. सुमनने काय सोडलंय असं विचारलं तर म्हणाली, "बघू. अजून ठरलं नाही."

धोंडूमामा आमच्या शेजारचा. साठी ओलांडलेला, काटक, आणि तोंडाने असा फटकळ की गावात त्याच्याशी वाकडं नाही असं घर शोधावं लागे. त्याची बायको भागीमामी दम्याने बेजार, मुलगे मुंबईला. त्याचं माझं बिनसलं ते आदल्या पावसाळ्यात. खात्याचं धोरण होतं की राब भाजू नका, झाडं तुटतात. गादीवाफ्यावर खत देऊन रोप करा. मी गावाच्या कडेला एक नमुन्याचा वाफा केला होता. रोप सुरेख आलं. वरचे साहेब पाहायला येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी धोंडूमामाच्या शेळ्या त्यात शिरल्या आणि सकाळी वाफा मुंडण केल्यासारखा झाला. साहेब आले, गाव जमलं, मी काहीतरी पुटपुटत होतो. तेवढ्यात धोंडूमामा पुढे आला.

"साहेब, रोप झ्याक होतं. माज्या शेल्या उगाच कुनाच्या वाफ्यात तोंड घालीत नाय. त्यांनी पास क्येलंय."

साहेबसुद्धा हसले. मला ते हसू सोसलं नाही. त्या दिवसापासून मी धोंडूमामाशी बोलणं सोडलं. समोरून आला तर मी चपलेचा अंगठा नीट करायला वाकायचो. चपलेचा अंगठा इतका नाजूक कसा, असं सुमन एकदा म्हणाली.

उपवासकाळ लागण्याच्या सुमारास धोंडूमामा पडला. कवळ तोडून झालेली होती, उरलेली एक फांदी तोडायला ऐनावर चढला आणि पाय घसरला. मांडीचं हाड मोडलं. महाडला नेऊन प्लास्टर घालून आणला आणि ओटीवर खाट टाकून दिली. त्याची सगळी कवळ वर डोंगरात वाळून पडलेली. भागीमामीला चार पावलं चाललं की धाप लागायची. मुलगे दोन दिवस राहून परत गेले, त्यांना रजा नव्हती. गावात ज्याचे त्याचे राब बाकी होते, आणि धोंडूमामाने आपल्या जिभेने जे पेरलं होतं ते तर उगवलेलंच होतं. कुणी मुद्दाम नाही म्हणालं नाही. उद्या बघू म्हणायचे सगळे.

एका सकाळी मी दाढी करत होतो आणि सुमनने नेसूचं पातळ वर खोचलं, डोक्याला चुंबळ केली.

"कुठे?"

"मामांची कवळ आणते. वर वाळून चाललीय. एखादा वणवा आला तर तीही जाईल."

"तू आणणार? डोक्यावर?"

"मग काय टपालाने येईल?"

मी रागावलो. आवाज चढवला नाही, कारण शेजारी ओटीवर तोच पडलेला होता. दबक्या आवाजात जितकं रागावता येतं तितकं रागावलो. खात्याचा माणूस मी, राब भाजू नका म्हणून घरोघर सांगत फिरतो आणि माझी बायको राबाची कवळ वाहणार. शिवाय त्या माणसासाठी. सगळ्या गावापुढे माझं हसं केलं त्याच्यासाठी. तू गेलीस तर माझं तोंड काळं होईल, असंही म्हणालो. अर्ध्या गालाला साबण होता.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही चहा सोडलाय ना? मी हे धरलंय." आणि गेली.

तिने लहानपणी कडब्याच्या पेंढ्या वाहिल्या होत्या, पण कवळीचा भारा वेगळा. फांद्या आडव्यातिडव्या, वाटेत झुडपांना अडकतात. पहिले दोन दिवस तिचा भारा वाटेतच सुटायचा. मग धोंडूमामाने खाटेवरून शिकवलं. ओल्या वेलीला पीळ कसा द्यायचा, बुंधे एका अंगाला, शेंडे एका अंगाला, आणि मध्ये एक जाड फांदी कणा म्हणून. मला आमच्या पडवीतून ऐकू यायचं.

"असा नाय गो. तिला आवळ. आनकी आवळ. भारा हाय, तान्हं पोर नाय."

"मामा, तुमची शेळी असती तर एव्हाना पास केलं असतं मला."

यावर तो खाटेवर खो खो हसला आणि पाय हलला म्हणून ओरडला. माझ्याच घरातली बायको माझाच अपमान थट्टेवारी नेत होती, आणि मी आत बसून अर्ज तपासत होतो. बिनचहाचा.

धोंडूमामा माझ्यावरही खाटेवरून नजर ठेवून होता. एकदा मी अंगणातून जाताना भिंतीकडे बघत म्हणाला, "चाय सोडलीत म्हनतात. मंग गोड बोलनं कुनी सोडलं?" मी चपलेचा अंगठा नीट केला.

आठवडाभर तिचे भारे उतरत होते. मान आखडली, कपाळावर खरचटलं, हातांना चीक लागून ते काळे झाले. रात्री ती खोबरेल लावून हात मांडीवर ठेवून बसायची आणि प्रार्थनेला डोळे मिटायची. मी मोठ्याने प्रार्थना करायचो, आम्हाला तुझ्या प्रतिरूपाचे कर. ती आमेन म्हणायची. मी एकदाही तिला विचारलं नाही की मान दुखते का.

राब भाजला त्या दिवशी मी उमरठहून परत येत होतो. सकाळची वेळ, वारा पडलेला. वळणावरून पाहिलं तर धोंडूमामाच्या शेतात भागीमामी बांधावर बसलेली आणि सुमन हातात ओली फांदी घेऊन राबाच्या कडेकडेने फिरत होती. धूर जमिनीला चिकटून चालला होता. कुठे ज्वाळ वर आली की ती फांदीने थोपटायची, माती टाकायची. मी रस्त्यावर उभा राहिलो. उतरून पन्नास पावलांवर शेत होतं. माझ्या अंगावर धुतलेला शर्ट होता, हे मला स्पष्ट आठवतं. कारण तोच विचार मनात आला.

तेवढ्यात गावातला एक जण सायकलवरून आला, माझ्यापाशी थांबला, खाली पाहिलं.

"भाऊसाहेब, मोटं काम क्येलंत. आमी गाववाले असून आमाला सुचलं नाय. वैर इसरून बायकोला पाठवलंत."

बायको नवऱ्याने पाठवल्याशिवाय दुसऱ्याच्या शेतात जाईल हे त्याच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं. गावात कुणाच्याच आलं नव्हतं. मला तिथे एवढंच म्हणायचं होतं की मी पाठवलेलं नाही, मी तर अडवत होतो. मी म्हणालो, "अहो, माणुसकी आहे. चालायचंच."

त्या वर्षीचा ईस्टर आम्ही महाडला केला. तेव्हाही आमची पाच-सहा घरंच होती. दवाखान्यातल्या एक सिस्टर, एक एसटीतले वाहक, अशी माणसं. त्यांच्यातल्याच एकाच्या घरी उपासना. पाळक बाहेरून आलेले. कापड्याची गोष्ट पोलादपूरच्या बसमधून आमच्या आधी तिथे पोचलेली होती, आणि अर्थातच माझ्या नावाने. पाळक म्हणाले, आज आपले भाऊ साक्ष देतील, वैऱ्यावर प्रीती कशी करावी याची.

मी उठलो. आणि बोललो. चांगलं बोललो. शेळ्या सांगितल्या, साहेबांचं हसू सांगितलं, माझ्या मनातला कडूपणा सांगितला, तो सगळा खरा होता. मग म्हणालो, की उपवासकाळात प्रभूने माझ्या मनाला टोचणी लावली आणि आम्ही ठरवलं, त्या माणसाची कवळ आपण वाहायची. आम्ही, असं म्हणालो. बायकांच्या बाजूला सुमन बसली होती. काळे पडलेले हात पदराखाली. ती माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. कुणी परगावचा पाहुणा खूप दिवसांनी दारात दिसावा आणि आपण त्याला निरखावं, तशी ती पाहत होती.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. पोलादपूर जवळ येईपर्यंत बाहेर पाहत होती. मग म्हणाली, "माझे भारे तुमच्या डोक्यावर बरे दिसले." आणि तोंडाला पदर लावून इतकी हसली की पुढच्या बाकावरची बाई वळून पाहू लागली.

माझी खरी फजिती नंतरच होती. ईस्टरनंतर दोनेक आठवड्यांनी सिस्टर आणि वाहकभाऊ कापड्याला आले. धोंडूमामाला भेटायचंय म्हणाले. सिस्टरांना त्याचा पायही बघायचा होता. मला पर्याय नव्हता. त्याच्या ओटीची पायरी मी जवळजवळ वर्षाने चढलो. भागीमामीने कोकमाचं सरबत केलं. आणि वाहकभाऊ, भाबडा माणूस, खाटेशी बसून विचारता झाला, "मामा, तुम्ही यांचा एवढा अपमान केला आणि तरी यांनी तुमचे भारे वाहिले. काय वाटलं हो तुम्हाला?"

धोंडूमामाने माझ्याकडे पाहिलं. सावकाश पाहिलं, बाजारात बैल पाहावा तसं. सुमन दारात उभी होती. त्याने तिच्याकडेही पाहिलं.

मग म्हणाला, "व्हय. लय वाहिले. मान मोडंस्तवर वाहिले."

पाहुणे गेले, मी पायरी उतरत होतो, तेव्हा मागून आवाज आला.

"भाऊसाहेब."

मी वळलो.

"मी तुमच्यासाठनं खोटं बोललोय, माज्या वयाला. आता फुडल्या साली खरंच वाहावे लागतील."

हे तो रागाने बोलला नाही. डोळे मिचकावून बोलला. आणि का ते कळेना, पण मला हसू आलं. मीही हसलो, त्याच्याबरोबर, वर्षभराने. घरी येऊन सुमनला म्हणालो, चहा टाक. दोन कप जास्त टाक, मामांकडे घेऊन जातो.

त्या रात्री मी तिला विचारलं, "तिथे उपासनेत तू काही बोलली का नाहीस? निदान नंतर तरी. मी सरळ खोटं बोलत होतो."

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुम्ही सांगत होता ना, तो माणूस मला फार आवडला. म्हटलं, याला हाकलू नये. येईल कधीतरी घरी."

पुढच्या वर्षी मी भारे वाहिले. धोंडूमामाचा पाय सांधला होता पण डोंगर चढण्याजोगा नव्हता. कृषी खात्याचा माणूस डोक्यावर कवळ घेऊन उतरतो हे पाहायला गाव गोळा झालं आणि धोंडूमामाने ओटीवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बगा रे, खात्यानं राबाला मान्यता दिली." माझा भारा वाटेत तीनदा सुटला. सुमन मागून तिचा भारा तोलत यायची, एका हाताने माझ्या फांद्या सारख्या करायची. ती पुढे झाली की मला भाऱ्याखालून फक्त तिची पावलं दिसायची, राखेने पांढरी झालेली.

त्यानंतर आम्ही कापडे गाव सोडेपर्यंत आणि सोडल्यावरही, उपवासकाळात दोन-चार दिवस जाऊन ते काम केलं. म्हणून साक्ष देताना माझं मन मला म्हणायचं, आता ती खोटी कुठे आहे? भारे तर तू वाहिलेसच. दरवर्षी ती साक्ष थोडी थोडी सुबक होत गेली. आधी आम्ही होतं, मग मी झालं. मग सुमन गोष्टीतून बाहेरच गेली. घरी बसून प्रार्थना करणारी झाली. ती उपासनेत बसून हे सगळं ऐकायची. दर वेळी मी ठरवायचो की पुढच्या खेपेला नीट सांगू. ती आजारी पडली तेव्हाही ठरवलं होतं. शेवटी एकदा तिच्यापाशी बसून म्हणालो, "मी लोकांना खरं सांगणार आहे." तिला बोलायला त्रास होत होता. म्हणाली, "सांगा. पण रडून सांगू नका. मजा जाईल त्यातली."

तिला इथेच महाडच्या मातीत ठेवलं, म्हणून मी नगरला परत गेलो नाही.

सत्तरीत आल्यावर मला आता त्या जुन्या आशेचं थोडं थोडं उमजतं. मी समजत होतो की ख्रिस्ताचं रूप अंगावर येतं ते आरशात बघून, ताडून, दाढीसारखं. पण मी त्याला पाहिलेलं नाही. मी सुमनला पाहिलं. जो भारा आपला नाही तो न बोलता उचलायचा, आणि उचलल्याचं नाव दुसऱ्याला मिळालं तर हसायचं, हे तिने त्याच्याकडून घेतलं होतं. माझ्यासाठी तेवढं जवळचं रूप पुरेसं होतं; त्याहून लांबचं मला दिसलं नसतं. आणि राब भाजल्याने माती काही दुसरी होत नाही. तोच तुकडा, तोच बांध, त्याच दगडाला नांगर अडतो. यंदा भाजला म्हणून पुढल्या वर्षी भाजावा लागत नाही असंही नाही. माझा चिडका स्वभाव अजून आहे, दूधवाल्याला विचारा. तरी दरवर्षी थोडं तण कमी उगवतं. मी त्यावर समाधानी आहे. ज्याने काम हातात घेतलंय त्याला घाई नाही.

इथवर लिहून झाल्यावर, काल कापड्याला गेलो. धोंडूमामाला आधी सांगणं भाग होतं, कारण या खोट्यात तोही साक्षीदार आहे. भागीमामी गेली. शेत आता दुसरं कुणी करतं, पण घरामागचा एक लहानसा तुकडा मामाने स्वतःच्या राबासाठी धरून ठेवला आहे. ऐंशीच्या घरात आहे, डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला तयार नाही. ओटीवर बसला होता. मी पाळक आल्याचं सांगितलं, रविवारी खरं सांगणार आहे म्हणालो.

तो भिंतीला टेकला. मग म्हणाला, "म्हंजे माजं खोटंबी उघडं पडंल."

"पडेल. हवं तर तुमचं नाव घेत नाही."

"घे की. सांग, धोंडू खोटं बोलला म्हनून हा मानूस खऱ्यावर आला." आणि खोकल्यात हसला. "पन बायचं आधी सांग. तिचे भारे किती, त्ये सांग. माज्या शेल्यांचं मागनं सांग."

त्याची थोडी कवळ अजून वर होती, अगदी जवळ, घरामागच्या चढणीला. मी म्हणालो, एक भारा आणतो. आता मोठा झेपत नाही. वेलीला पीळ दिला, मध्ये जाड फांदी घातली, चुंबळ करून डोक्यावर घेतला. उतरताना समोर काहीच दिसत नाही, फक्त स्वतःची पावलं आणि पायवाट. कुठेतरी दुसऱ्याचा राब पेटलेला होता, त्याची राख हवेत तरंगत होती. मी हळू चालत होतो, एका हाताने भारा तोलत.

घराजवळ आलो आणि ओटीवरून त्याचा आवाज आला, एकदम हलका, मला कधी न ऐकवलेला.

"आलीस गो?"

मी जागीच थांबलो. गेली पंधरा वर्षं जे नाव मी स्वतःला लावून घेतलं ते तिचं होतं, आणि आता कुणीतरी आपणहून मला ती समजून हाक मारली होती.

"मी आहे, मामा."

"तू व्हय." तो पुढे वाकून धुरकट डोळ्यांनी पाहू लागला. "चाल तिच्यावानी दिसली. म्हनून." मग मी भारा खाली टाकला, त्याने तो हाताने चाचपला, वेलीच्या गाठीपाशी बोटं नेली आणि मान हलवली.

"भारा मातुर अजून तिच्यासारका नाय. सोड. पुन्ना बांद."

मी पायरीवर बसलो, वेल सोडली, आणि फांद्या पुन्हा एकेक करून लावायला घेतल्या. बुंधे एका अंगाला, शेंडे एका अंगाला.